बेचाळीस वजा सतरा आणि तुरीच्या काड्या : नव्या प्राथमिक शिक्षकांसाठी

रुजू झाल्यावर तिसऱ्याच दिवशी मी तिसरीला हातच्याची वजाबाकी शिकवली. फळ्यावर ४२ लिहिले, खाली १७ मांडले, रंगीत खडूने दशक-एककाची घरं आखली आणि 'दोनातून सात जात नाहीत, म्हणून शेजारच्या चारकडून एक उसना घेऊ' हे वाक्य तीनदा म्हटलं. पोरं तिन्ही वेळा 'हो मॅडम' म्हणाली. मग तेच उदाहरण पुसून पाट्यांवर सोडवायला दिलं. नऊ पाट्यांपैकी सातांवर एकच उत्तर होतं, ३५. एका पाटीवर २५ होते. नववा मुलगा पाटी कोरी ठेवून बसला होता. त्यानं विचारलं, "मॅडम, उसनं घेतलेलं परत कधी द्यायचं?"

मला उत्तर देता आलं नाही. घंटा झाली म्हणून सुटले.

आमची शाळा बीड जिल्ह्यातली, वस्तीवरची. चार वर्ग, दोन शिक्षक, पट अठ्ठावीस. तुमची शाळा याहून मोठी असेल किंवा याहून लहान. पण पहिली ते चौथीला पहिल्यांदा उभं राहणाऱ्या माणसाच्या अडचणी बहुतेक सारख्याच असतात. त्या दिवशी मला कुणी सांगायला हवं होतं ते इथे क्रमाने लिहिते आहे.

पहिले आठ दिवस पुस्तक मिटून ठेवा

वर्ग तिसरीचा म्हणून मुलं तिसरीची, असं हजेरीपटापुरतंच खरं असतं. माझ्या त्या नऊ जणांत तिघांना शब्द वाचता येत नव्हते आणि एकीला चौथीचं पुस्तक घडाघडा वाचता येत होतं. हे मला कळलं दिवाळीत. कळायला हवं होतं जूनमध्ये.

म्हणून आधी प्रत्येक मुलाला एकेकटं जवळ बसवून ऐका. मुलांना वाचता आणि गणित करता येतं का हे पाहणाऱ्या 'असर'च्या सर्वेक्षणात वापरतात ती पट्टी सोपी आहे : अक्षरं, साधे शब्द, चार ओळींचा परिच्छेद, छोटी गोष्ट. ज्याला अक्षरंही ओळखता येत नाहीत तो 'प्रारंभिक'. म्हणजे एकूण पाच स्तर. गणितासाठी एक अंकी संख्या, दोन अंकी संख्या, वजाबाकी, भागाकार. एका मुलाला तीन मिनिटं पुरतात. अठ्ठावीस मुलांना चौऱ्याऐंशी मिनिटं लागली, ती मी चार दिवसांच्या मधल्या सुट्टीत काढली. हे करताना हातात लाल पेन धरू नका आणि तोंडाने 'चूक' म्हणू नका, नाहीतर पुढचं मूल येतानाच घाबरून येतं.

नोंद एका पानावर ठेवा. डावीकडे नावं, उजवीकडे पाच रकाने. हे पान कुठल्याही पोर्टलवर भरायचं नाही, ते तुमचं आहे. पुढचं वर्षभर गट पाडताना, शेजारी कुणाला कुणाजवळ बसवायचं ते ठरवताना, पालकांशी बोलताना हेच उपयोगी पडतं. 'निपुण भारत' अभियान ५ जुलै २०२१ला सुरू झालं तेव्हापासून तिसरीअखेर प्रत्येकाला समजून वाचता आणि साधी गणितं करता यावीत हे उद्दिष्ट आपण बैठकांतून ऐकतो. ते गाठायची सुरुवात या एका पानापासून होते. दुसरी वाट मला तरी सापडलेली नाही.

टाचण एका ओळीचं

तपासणीसाठीचं टाचण, म्हणजे रोजच्या पाठाचा आराखडा, लिहाच, ते चुकत नाही. पण स्वतःसाठी रोज रात्री किंवा सकाळी गाडीवर येताना एक वाक्य ठरवा : आज सुटताना मुलाला काय करता आलं पाहिजे?

'वजाबाकीची संकल्पना स्पष्ट करणे' हे ते वाक्य नव्हे. त्यात तुम्ही काय करणार ते आहे, मूल काय करणार ते नाही. 'बेचाळीस काड्यांतून सतरा काड्या जुडी सोडून देता येतील' हे चालेल, कारण ते डोळ्यांनी दिसतं. एका तासाला एकच वाक्य. माझ्या पहिल्या वर्षीचे तास फसायचे त्यांतले निम्मे तरी यामुळे की मी एका तासात तीन गोष्टी कोंबायचे आणि वेळ संपत आली की फळ्यावर उतरवून घ्यायला सांगायचे.

एक तास जवळून : ४२ − १७

आता त्या ३५ कडे परत येते, कारण प्राथमिकचं बरंचसं शिकवणं या एका उदाहरणात दिसतं.

सातही मुलांची चूक एकच आहे असं मी धरून चालले होते. पुढच्या वर्षी मी पहिल्यांदा विचारलं, "कसं काढलंस, सांग बरं?" तेव्हा दोन वेगळी उत्तरं मिळाली. काहींनी सातातून दोन काढले पाच, चारातून एक काढला तीन. वर-खाली काही बघायचं नाही, मोठ्यातून लहान काढायचं. पण एका मुलीनं दोनाचे बारा केले होते, बारातून सात काढून पाच लिहिले होते आणि मग चाराचे तीन करायला विसरून चारातून एक काढला होता. तिचंही उत्तर ३५. एकाला दशक म्हणजे काय तेच कळलेलं नाही आणि दुसरीला सगळं कळलंय, फक्त शेवटची नोंद राहिलीय. दोघांच्या वहीवर मी तीच लाल फुली मारत होते. म्हणून 'कसं काढलंस?' हा प्रश्न रोज विचारा, बरोबर उत्तरालाही विचारा. फक्त चुकल्यावर विचारलात तर मुलं प्रश्न ऐकताच उत्तर खोडायला लागतात.

आता काड्या. आमच्याकडे तुरीच्या काड्या मिळतात, तुमच्याकडे खराटे, बांबूच्या कामट्या, आइस्क्रीमच्या काड्या, काहीही चालेल. बोटाएवढ्या तोडायच्या, टोकं दगडावर घासायची. दोघांत मिळून नव्व्याण्णव काड्या.

पहिल्या दिवशी फक्त जुड्या बांधायच्या. दहा काड्या मोजायच्या आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचं कापलेलं कडं चढवायचं. यात एक अख्खा तास जातो आणि जाऊ द्यावा. 'दशक' हा शब्द मुलांना पुस्तकातून मिळतो, 'जुडी' हा मेथीमुळे घरातूनच ठाऊक असतो. नऊ जुड्या आणि नऊ सुट्ट्या काड्या हातात धरल्या की नव्व्याण्णव केवढे ते कळतं. बाजारातून प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांची पेटी आणाल तर हा तास वाचेल, पण गेलेला हा तासच मला महत्त्वाचा वाटतो.

दुसऱ्या दिवशी देणं-घेणं. एका मुलीसमोर चार जुड्या आणि दोन सुट्ट्या. दुसरा म्हणतो, "मला सतरा दे." तिनं एक जुडी दिली. मग सुट्ट्या बघितल्या, दोनच. द्यायच्या सात. तिनं माझ्याकडे बघितलं. या क्षणी गप्प बसणं हे या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम आहे. मी मनात वीस अंक मोजते. त्या दिवशी अकरावर आले होते, तेवढ्यात ती म्हणाली, "मॅडम, जुडी सोडू का?"

"सोड की."

मग तिच्यापुढे दोन जुड्या आणि बारा सुट्ट्या उरल्या, त्यातल्या सात गेल्या, दोन जुड्या आणि पाच सुट्ट्या राहिल्या. पंचवीस. फळ्याला हातही लावलेला नाही.

तिसऱ्या दिवशी तेच चित्रात. जुडीसाठी उभी रेघ, सुट्टीसाठी ठिपका. रेघ खोडायची आणि तिच्या जागी दहा ठिपके काढायचे. चौथ्या दिवशी अंक. चार खोडून वर तीन, दोनाच्या जागी बारा. मी इथे 'उसना' हा शब्दच काढून टाकला आहे. 'जुडी सोडली' म्हणते. सोडलेली जुडी कुणी परत मागत नाही.

त्या कोऱ्या पाटीवाल्याचा प्रश्न मात्र खोटा नव्हता. जुन्या लोकांची एक रीत आहे : वरच्या दोनाचे बारा करायचे आणि खालच्या एकात हातचा एक मिळवून दोन करायचे, मग चारातून दोन. उत्तर तेच, पंचवीस. वर दहा वाढवले तसे खालीही दहा वाढवले, म्हणून फरक बदलत नाही. तिथे उसनं खरोखरच परत केलं जातं. घरी आजोबा असे शिकवत असतील तर 'ते चूक आहे' म्हणू नका. मुलाला दोन्ही रीती काड्यांनी करून बघू द्या. वेळ लागेल.

काड्या किती दिवस ठेवायच्या? मूल स्वतःहून बाजूला सारेपर्यंत. माझ्याकडच्या एकाने दोन दिवसांत सारल्या, एकीला सहा आठवडे लागले. पुढे ५० − २३ सारखी उदाहरणं आली की सगळ्यांना परत काढाव्या लागतात, कारण तिथे सुट्टी काडी एकही नाही. शंभरासाठी दहा जुड्यांचा भारा बांधायचा. भारा सोडल्याशिवाय जुडी मिळत नाही, जुडी सोडल्याशिवाय काडी. १०० − ३७ एवढं सांगून कळतं.

पंचवीस सांगितले की बावन्न लिहितात

हा मराठी माध्यमाचा खास त्रास आहे आणि त्यात मुलांचा दोष नाही. 'पंचवीस' म्हणताना आपण पाच आधी उच्चारतो आणि वीस नंतर, लिहिताना मात्र दोन आधी. कानाने ऐकलं त्या क्रमाने मूल लिहितं, ५२. त्यात एकोणतीस, एकोणसाठ, एकोणसत्तर यांत नऊ ऐकूच येत नाहीत, उलट पुढच्या दशकाचं नाव ऐकू येतं. मूल ३९ लिहून मोकळं होतं, आणि नव्व्याण्णवपाशी हा एकोणचा नियमही सोडून दिलेला.

२०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात प्रचलित नावांसोबत 'वीस पाच', 'साठ तीन' अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. मराठी बुडाली इथपर्यंत बोललं गेलं. माझं मत विचाराल तर ती शिडी म्हणून उत्तम आहे. 'साठ तीन म्हणजे त्रेसष्ट' असं दोन्ही एका दमात म्हणून घ्यायचं, दोन-तीन महिन्यांत 'साठ तीन' आपोआप गळून पडतं. बाजारात जाऊन 'साठ तीन रुपये' मागणारं मूल मी अजून पाहिलेलं नाही.

यासाठी पत्ते करा. जुन्या लग्नपत्रिका चांगल्या, कागद जाड असतो. दहा, वीस ते नव्वद असे नऊ लांब पत्ते आणि एक ते नऊ असे त्याच्या निम्म्या रुंदीचे. २० च्या पत्त्यावरच्या शून्यावर ५ चा पत्ता ठेवला की २५ दिसतात, उचलला की वीस आणि पाच वेगळे. २०५ लिहिणाऱ्या मुलाला यापेक्षा चांगलं उत्तर मी देऊ शकलेले नाही. खेळ म्हणून रोज पाच मिनिटं पुरे. मी 'एकोणसत्तर' म्हणते, पोरं पत्ते जुळवून डोक्यावर धरतात. मग शेजाऱ्याचं बघून बदलणारेही दिसतात. दिसू देत, तेही बघूनच शिकत असतात.

वाचन : काका, मला मका

अ ते ज्ञ सगळी मुळाक्षरं, मग बाराखडी, मग शब्द, या वाटेनं गेलात तर पहिलीतलं मूल दिवाळीपर्यंत एकही अर्थाचा शब्द वाचत नाही. तोवर वाचन म्हणजे सुरात ओरडणं, हे त्याच्या मनात पक्कं होतं. त्यापेक्षा पाच-सहा अक्षरांचा एक गट घ्या आणि काना लगेच घ्या. क, म, ल, न, र, घ आणि काना एवढ्यावर घर, कान, नाक, मका, लाल, काका, मामा हे सगळं होतं. 'काका, मला मका' हे तर पूर्ण वाक्य झालं, आणि मी ते पहिल्या पंधरवड्यात वाचून घेते. एका मुलीनं ते वाचलं आणि खिडकीतून बाहेर बघून विचारलं, "कोणाचे काका?" ती वाचत होती. नुसते आवाज काढणाऱ्या मुलाला असा प्रश्न पडत नाही.

फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सिन बर्नसन यांनी वाचन शिकवण्यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. अक्षरगट आणि अर्थपूर्ण मजकूर एकत्र कसा चालवायचा हे समजून घ्यायचं असेल तर तिकडची पद्धत जरूर पाहा.

याच्या बरोबरीनं दुसरं एक काम रोज करा. एका मुलाला काल काय घडलं ते सांगायला सांगा आणि तो म्हणेल ते फळ्यावर जसंच्या तसं लिहा. जसंच्या तसं म्हणजे खरंच तसं. पहिल्या वर्षी एक पोरगा म्हणाला, "आमची शेळी याली, दोन करडं झाले." मी म्हटलं, "याली नाही, व्याली म्हण. आणि करडं झाली." तो 'व्याली' म्हणाला आणि खाली बसला. दोन करडांची सगळी गोष्ट तिथेच राहिली. ती कुठल्या रंगाची होती, रात्री कोण जागलं, चीक कुणी खाल्ला, काहीच कळलं नाही. आता मी 'याली' लिहिते, वर्गाकडून वाचून घेते. दोन-तीन दिवसांनी पुस्तकात 'व्याली' आलं की शेजारी लिहून दाखवते, 'घरी याली, पुस्तकात व्याली.' मुलांना दोन्ही ठेवायला काही अडचण येत नाही. बंजारा, भिली, कोरकू किंवा कानडी बोलणारी मुलं असतील तर हे आणखी जपून करायचं, आणि त्या भाषेतले निदान पन्नास शब्द तुम्हीही शिकायचे.

आणि रोज दहा मिनिटं गोष्ट वाचून दाखवा. सांगू नका, पुस्तक हातात धरून वाचा, बोट ओळीखालून फिरवा. मध्येच थांबून 'आता काय होईल?' एवढं एकदाच विचारा. गोष्ट संपल्यावर तात्पर्य विचारायची सवय मात्र मोडा. 'यावरून काय बोध घेतला?' हा प्रश्न आला की पोरांचे चेहरे इन्स्पेक्शनला आल्यासारखे होतात. पुस्तकं नसतील तर प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हरवर मराठी गोष्टी फुकट आहेत, मोबाइलवरून उतरवता येतात.

एका खोलीत दोन वर्ग

हे आपल्याकडचं वास्तव आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, मग वर्ग चार असोत की पाच. डीएडच्या पुस्तकात मात्र प्रत्येक पाठ एका वर्गापुढे उभ्या एका शिक्षकाचा असतो.

मी तिसरी-चौथी सांभाळते. पहिली दहा-पंधरा मिनिटं दोन्ही वर्ग एकत्र : गोष्ट, गाणं, तोंडी गणितं. मग एकाला काम देऊन दुसऱ्याजवळ बसायचं, अर्ध्या तासाने उलट. इथली मेख कामाच्या निवडीत आहे. ज्या कामात मूल दर दोन मिनिटांनी 'मॅडम, आता काय?' विचारायला येतं ते काम त्या वेळेला निरुपयोगी. पुस्तकातला नवा स्वाध्याय देऊ नका. कालच शिकलेल्या गोष्टीचा जोडीनं खेळायचा खेळ द्या, एकमेकांना उदाहरणं घालायला सांगा, गोष्टीचं चित्र काढून खाली दोन वाक्यं लिहायला सांगा. 'झालं तर काय करायचं' हेही आधीच सांगून ठेवा. आमच्याकडे खिडकीत एक टोपली आहे, काम झालं की त्यातलं पुस्तक घ्यायचं.

जूनमधलं ते पान इथे कामाला येतं. वाचनाच्या वेळी तिसरी-चौथी ही भिंत मी काढूनच टाकते. शब्दवाले एकत्र, परिच्छेदवाले एकत्र. चौथीतला मुलगा तिसरीच्यांबरोबर बसला की पालक कुरकुरतात. त्यांना बोलावून मुलाकडून वाचून घ्यायचं, मग तक्रार राहत नाही.

खिचडी, सावली आणि विकतचं साहित्य

सन २०१५च्या सुमारास 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा सरकारी कार्यक्रम सुरू झाला आणि सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट, म्हणजे एका अधिकाऱ्याकडच्या शाळांचा गट, पाहायला राज्यभरातून शिक्षक जाऊ लागले. तिथल्या वर्गांत मुलं फरशीवरच्या आखणीवर स्वतः खेळत, मोजत, शिकत होती. पाहून आलेल्यांनी गावोगाव फरशा रंगवल्या. पुष्कळ ठिकाणी रंग उरला आणि खेळ गेला, कारण तो रंगवल्यावर मुलांनी त्यावर नेमकं काय करायचं हे कुणी ठरवलंच नव्हतं. तेव्हा साहित्य विकत घेण्याआधी किंवा रात्र जागून थर्माकोल कापण्याआधी विचारा : हे मुलाच्या हातात जाणार आहे की भिंतीवर? भिंतीवर जाणार असेल तर झोपा.

तुमच्या भोवती काय आहे ते बघा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केलं तेव्हा शंख, शिंपले, बिया, पानं हेच त्यांचं साहित्य होतं. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळा पाड्यातल्या अंगणात नेली, अंगणवाडी हा शब्द तिथला आहे.

माझं सगळ्यात आवडतं साहित्य म्हणजे पोषण आहार. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ. रोज सकाळी चौथीतली दोन मुलं हजेरी मोजतात. सव्वीस हजर असतील तर दोन किलो सहाशे ग्रॅम. फळ्यावर मांडायचं, स्वयंपाकाच्या ताईंना जाऊन सांगायचं आणि काट्यावर समोर मोजून घ्यायचं. चूक झाली तर ताई ओरडतात, मला काही बोलावं लागत नाही. ग्रॅम-किलोचा धडा मी गेली काही वर्षं वेगळा शिकवलेलाच नाही. पोत्यात ५० किलो आहे, किती दिवस पुरेल, हा प्रश्न तर एका मुलानंच काढला. तिथून भागाकार सुरू झाला.

दुसरं, झेंड्याचा खांब. अकरा वाजल्यापासून दर पंधरा मिनिटांनी त्याच्या सावलीच्या टोकावर खडूची खूण करायची आणि वेळ लिहायची. सावली सगळ्यात लहान कधी? मी स्वतः बाराला म्हणून सांगून टाकलं होतं. पोरांच्या खुणांमध्ये ती साडेबाराच्या आसपास निघाली. आधी वाटलं खुणा चुकल्या. मग लक्षात आलं की आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आणि बीड जवळजवळ पावणेसहात्तर अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं धरली तर सूर्य आमच्या माथ्याशी साधारण सत्तावीस मिनिटं उशिरा येतो. ऋतूप्रमाणे यात दहा-पंधरा मिनिटं इकडे-तिकडे होतात. चौथीला रेखांश सांगायची गरज नाही. 'सूर्य नागपूरला आपल्या आधी माथ्यावर येतो' एवढं पुरतं. पण दुसऱ्या दिवशी मी वर्गात 'मी चुकले होते, तुमच्या खुणा बरोबर आहेत' असं म्हटलं, त्याचा परिणाम कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त झाला. त्यानंतर महिनाभर ती पोरं माझं प्रत्येक वाक्य तपासत होती.

याहून जास्त करून बघायचं असेल तर अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंची खेळणी आणि मराठी पुस्तकं मोफत आहेत. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांतून त्रिकोण-चौकोन जोडायचा खेळ तेवढा आधी करा. चौकोन दाबला की वाकडा होतो, त्रिकोण होत नाही. छपराला कैच्या त्रिकोणी का असतात हे मग पोरंच सांगतात.

राहिलेल्या बारीकसारीक गोष्टी

गोंगाट आणि गोंधळ यांत फरक करा. काम चालू असताना वर्ग बोलणारच. शांतता हवी असेल तेव्हा आवाज चढवू नका, ठरलेली खूण वापरा. मी टाळीचा एक ताल धरते, ती पोरं परत वाजवतात, चौथ्या टाळीला सगळे थांबलेले असतात. छडी कायद्याने बंद आहेच. शिवाय छडीवाल्या वर्गात 'कसं काढलंस?'ला खरं उत्तर मिळत नाही, हे माझं त्याहून मोठं कारण.

वह्या सगळ्या रोज तपासायचा हट्ट सोडा. रोज सात तपासा, पण मूल शेजारी बसलेलं असताना. चार दिवसांत अठ्ठावीस होतात.

केंद्रप्रमुख, म्हणजे आजूबाजूच्या शाळांवर देखरेख करणारे साहेब, अचानक आले तर चालू आहे तेच चालू ठेवा. माझ्या वर्गात एकदा काड्यांचा पसारा पडलेला असताना साहेब दारात उभे राहिले. मी आवरायला लागले तर ते खाली बसले आणि एका मुलीला म्हणाले, "मला अठ्ठावीस दे बरं." तिच्याकडे एक्केचाळीस होत्या. तिनं जुडी सोडली. शेरेबुकात काय लिहिलं ते मला आठवत नाही.

ऊसतोडीचा भाग असेल तर एक तयारी दसऱ्यापासून करा. दिवाळीच्या सुमारास काही मुलं आई-वडिलांबरोबर कारखान्यावर जातात ती मार्च-एप्रिलमध्ये परततात. काहींची सोय गावात हंगामी वसतिगृहात होते, सगळ्यांची होत नाही. जाणाऱ्या प्रत्येकाला मी एक कापडी पिशवी देते : पत्ते, दोन गोष्टींची पुस्तकं, एक वही आणि नव्व्याण्णव काड्या. परत आल्यावर पुन्हा तीन मिनिटांची तपासणी, पुन्हा त्या पानावर नवी नोंद.

मागच्या एप्रिलमध्ये एका मुलाची पिशवी आली तेव्हा तिच्यात तुरीच्या काड्या जेमतेम वीस उरल्या होत्या. बाकीच्या चुलीत गेल्या म्हणाला. त्यांच्या जागी उसाच्या पाचटातल्या शिरा बोटाएवढ्या तोडून सुतळीने बांधलेल्या आठ जुड्या होत्या. मी मोजल्या. एका जुडीत अकरा निघाल्या. ती सुतळी सोडून मी त्याच्याच हातात दिली.